भिंत आणि गर्डरमधलं एक इंच

रुपाली वाघमोडे परांचीच्या शेवटच्या फळीवर चढली, तेव्हा तिला आधी ठिणग्या दिसल्या, मग माणूस.

त्यानं तोंडावरची काळी काच वर केली. काचेमागचे डोळे भलतेच हसरे निघाले.

"उतरा मॅडम. डोळं जातील की."

"हे कापा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही आत्ता जोडलंत ते."

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याची नवी पत्र्याची शेड उभी राहत होती. एप्रिलची दुपार. पत्र्याखाली उभं राहिलं तरी डोकं तापत होतं. आत, गोदाम आणि घडीखान्याच्या मध्ये अठरा फूट उंचीची ब्लॉकची भिंत होती. भिंतीपलीकडे चाळीस बायका बसून टॉवेलांच्या घड्या घालणार होत्या. ही भिंत तपासून सही करणं हे रुपालीचं काम.

भिंत बांधली होती मायाप्पा मिस्त्रींनी. स्लॅबच्या घरांत चाळीस वर्षं करत आले तसंच इथंही त्यांनी भिंतीचा माथा गर्डरला भिडवून सिमेंटचा माल ठासून भरला. मग मैंदर्गीच्या बिरुदेवनं, म्हणजे या हसऱ्या डोळ्यांच्या वेल्डरनं, भिंतीत बसवलेल्या पट्ट्या गर्डरला जोडायला घेतल्या. दोघांचं काम चोख होतं. दोन्ही मिळून भिंत बिघडली होती.

"पक्की धरली की भिंत," बिरुदेव म्हणाला. "आता काय?"

"स्लॅब जागचा हलत नाही. ही शेड वाऱ्यात हलते. पत्र्यावर भार आला की गर्डर वाकतो. लोखंड वाकून परत सरळ होतं... भिंत तुटते."

"मग सोडून द्यायची?"

"नाही. वर एक इंच मोकळी जागा. दोन्ही बाजूंनी अँगल, बोल्ट फक्त गर्डरला. भिंत पडू द्यायची नाही, आणि जखडायचीही नाही."

त्यानं थोडा विचार केला. "लई अवघड हाय. आमच्याकडं येकतर बांदत्यात, न्हायतर सोडत्यात."

ती हसली नाही. शिडी उतरताना मात्र एक पायरी चुकली, आणि वरून आवाज आला, "मॅडम, आदी तुमाला टेकू लावू का?"

खाली ठेकेदार महेश्वर अण्णा भिंतीच्या मंजुरीचा कागद घेऊन उभे होते. मशीनची पूजा शुक्रवारी होती. भिंत पंधरा दिवस उभी आहे, काही झालं का, असं त्यांनी विचारलं. तिनं साइटच्या वहीत लिहिलं, भिंत असुरक्षित, जवळ कुणी बसू नये. कागदावर सही केली नाही. अण्णांनी तिथूनच तिच्या ऑफिसला फोन लावला. संध्याकाळी साहेबांनी तिला सांगितलं, उद्यापासून त्या साइटवर जाऊ नकोस, दुसऱ्याला पाठवतो.

सकाळी नऊला ती साइटवर होती. दुसरा यायच्या आत.

तिनं चुन्याच्या फक्कीची पाटी उचलली आणि भिंतीपासून मोजून अठरा फुटांवर पांढरी रेघ ओढली. भिंत पडली तर जिथपर्यंत पोचेल, तिथवर. या रेघेच्या आत एकही टेबल लागणार नाही, असं तिनं सांगितलं. अण्णांनी रेघ झाडून काढायला लावली. तिनं पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा अण्णा शांतपणे म्हणाले, "बाई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. रेघ राहील."

बिरुदेव वरून हे सगळं पाहत होता. त्यानं मशीन बंद केलं आणि ग्राइंडर उचलला.

"अण्णा, जोड मी मारलाय. मीच कापतो."

"तू कापलास तर तुझाही हिशेब आज मिटला."

"मिटू द्या." ग्राइंडर घरघरला.

"थांब!" रुपाली ओरडली. "आधी भिंतीला टेकू लाव, मग शूर हो."

मायाप्पा मिस्त्री खो-खो हसले. बिरुदेव कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट्यानं खाली येऊन टेकूचे पाइप ओढत आणू लागला. दोन्ही बाजूंचे टेकू बसायला तीन वाजले.

चारला वावटळ आली. सोलापुरी उन्हाळ्यातली, लाल धुळीची. पत्रे धडधडले, गर्डर कण्हला. भिंतीच्या माथ्यापासून एक बारीक भेग निघाली आणि सरसर चार थर खाली उतरली. तळहाताएवढा मालाचा तुकडा खाली पडला. रेघेच्या आत.

धूळ बसली. मग अण्णांनी टोपी काढून झटकली.

"किती दिवस लागतील?"

"आठ," रुपाली म्हणाली.

त्या आठ दिवसांत बिरुदेवला रोज नवी शंका येई. बोल्ट किती घट्ट? एक इंच म्हणजे या टोकापासून की त्या? उत्तर त्याला ठाऊक असे. तिलाही ते कळत असे... तरी ती रोज परांचीवर चढून सांगे. मायाप्पा खालून विचारत, येवढी मापं तर ताजमहालालाबी घेतली नसतील, व्हय का पोरांनो?

नवव्या दिवशी दोघं वर उभी होती. वारा सुटला. गर्डर जरासा हलला आणि परत आला. खाली भिंत जशीच्या तशी. बिरुदेवनं त्या फटीत बोट घातलं.

"हितं वारा लागतोय." मग फटीकडंच बघत म्हणाला, "मी धावी पास. तुमी इंजिनेर. माढ्यात तुमच्या घरचे काय बोलतील?"

"अजून तू काही विचारलेलंच नाहीस."

"...विचारलं असतं तर?"

"तर बोलू देत. महेश्वर अण्णाही बोललेच होते."

"आनि साइट? कुनी बोललं म्हनून सोडायची न्हाय, येवढंच मला म्हनायचं हाय."

"सोडायला सांगणारे ऑफिसचे दोघं येऊन गेले," ती म्हणाली. "भेग बघून, चहा पिऊन गेले."

तिनं वही उघडली. भिंत सुरक्षित. खाली स्वतःची सही केली आणि पेन त्याच्यापुढं धरलं. वेल्डरच्या नावापुढं त्यानं मोठ्या अक्षरांत सही केली, जीभ दातांत धरून.

"आणखी एक कागद आहे," रुपाली म्हणाली. "लग्नाच्या नोंदणीचा. मी आणते. पण नीट वाच. वाचल्याशिवाय आणि पटल्याशिवाय सही करायची नाही."

"आनि पटलं तर?"

"तर माझ्याआधी कर. प्रत्येक वेळी मीच का पुढं व्हायचं?"

खाली अण्णांनी नारळ फोडला. वर बिरुदेवनं पेन परत दिलं नाही. खिशाला लावलं.