स्टीप हिलवरची खोली

"लिंकनला जाताय तर खाली स्टेशनजवळ राहू नका, वर टेकडीवर राहा," रघुवीरकाका म्हणाले. लेस्टरमधल्या त्यांच्या घरी जेवणं आटोपली होती. बाहेर साडेचारलाच काळोख पडला होता. त्यांची पुतणी सिया आणि तिचा नवरा समर फोनवर हॉटेलं चाळत बसले होते. "कॅथीड्रल वर, किल्ला वर, मॅग्ना कार्टाची जुनी प्रतही तिथेच. सकाळी किल्ल्याच्या तटावरून एक चक्कर मारा, सगळं गाव पायाशी दिसतं. स्टीप हिलवरचं एक घर सोडलंत, तर कुठेही राहा."

"कुठलं घर, काका?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"आमची वैजयंती तुम्हाला आठवत नसेल. तीस वर्षं माझ्याबरोबर ॲनेस्थेटिस्ट होती. थापा मारणारी बाई नव्हे. तिच्या तोंडून ऐकलंय ते सांगतो."

तर, १९७९चा नोव्हेंबर. वैजयंती सत्तावीस वर्षांची, मिरजेहून शिकून आलेली. लिंकनच्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यू होता, म्हणून तिने स्टीप हिलवर एका घरात फोन करून खोली ठरवली. फोनवर घरमालकीण गोड बोलली. संध्याकाळी बॅग ओढत ही तो उभा चढ चढून गेली. बाईने दार उघडलं. हिचा चेहरा पाहिला, कोटाखालची साडी पाहिली.

"द रूम्स टेकन, डक."

तिकडे 'डक' म्हणजे आपलं 'बाळ'. खोली गेली, बाळ, म्हणाली आणि दार लावून घेतलं. ती रात्र वैजयंतीने स्टेशनच्या बाकावर काढली. सकाळी इंटरव्ह्यूत तिचे दात वाजत होते. ती नोकरी गेली. पुढे लेस्टरला मिळाली, संसार झाला, नवरा गेला. पण चव्वेचाळीस वर्षं तिने त्या गावात पाऊल टाकलं नाही.

मग एक दिवस कसल्याशा साइटवर तिला तेच घर दिसलं. मालक नवे, ती बाई कधीच वारलेली. घर आता पाहुण्यांना भाड्याने देत होते. तिने तिथल्या तिथे बुक केलं.

मुलगी, देविका, चिडली. "आई, तुझा गुडघा अजून बरा नाही. स्टेशनजवळ लिफ्टवालं हॉटेल घे ना."

"मला वरच राहायचंय."

"पण एकटी का?"

"तेव्हाही एकटीच होते."

शनिवार, अठ्ठावीस ऑक्टोबर २०२३. आपली कोजागरी होती त्या दिवशी. आणि नेमक्या त्याच रात्री इकडची घड्याळं एक तास मागे जायची होती. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येणार.

दिवसभर ती मनसोक्त हिंडली. काठी टेकत तटावरून चालली, कॅथीड्रलमध्ये तासभर बसली. रात्री कोड दाबून घरात शिरली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मालक गावाबाहेर राहायचे. वरच्या मजल्यावरची खोली. तिने आतून कडी लावली, ओढून पाहिली, आणि झोपली.

एक वाजून दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली.

"द रूम्स टेकन, डक."

कुणीतरी पाहुणा चुकून आला असेल, असं म्हणायलाही वाव नव्हता. तो आवाज ती चव्वेचाळीस वर्षांत विसरली नव्हती.

"कोण आहे?" तिने विचारलं.

मग पावलं जिन्याने खाली गेली. हळू. एकेक पायरी.

तिने दिवा लावला. बॅग भरायला घेतली... टॅक्सी मागवावी, खाली स्टेशनवर जावं. स्टेशन म्हटल्यावर तिचा हात थांबला. तिने बॅगेतले कपडे परत बाहेर काढले आणि पलंगावर ताठ बसून राहिली.

फोनवर एक एकोणसाठ झाले. मग पुन्हा एक.

एक पाच.

एक दहा.

या खेपेला टकटक झाली नाही.

"द रूम्स टेकन..."

आवाज दाराच्या या बाजूला होता. पलंगाच्या पायथ्याशी. दिसत काहीच नव्हतं. खोली गार पडली. स्टेशनच्या त्या बाकासारखी गार. पायाकडची गादी जराशी दबली...

वैजयंती बोलली. इंग्रजीत नाही, मराठीत.

"हो. खोली गेलीच आहे. मी घेतलीये. त्या रात्रीही माझीच होती ती. तुम्हाला उभं राहायचं तर राहा, बसायचं तर बसा. मी इथून हलणार नाही."

तिने उशी सारखी केली.

"मला झोपायचंय आता," ती म्हणाली. आणि सिया, ऐक, त्या बाईने काय केलं असेल? आपल्या हाताने दिवा मालवला. भिंतीकडे तोंड केलं. पांघरूण ओढलं. पायथ्याशी गादी तशीच दबलेली... आणि ही झोपली.

समरने फोन कधीच खाली ठेवला होता.

"मग?" सियाने हळूच विचारलं.

"सकाळी जाग आली ती पायांना ऊब लागली म्हणून. पांघरुणाच्या आत, पावलांपाशी, गरम पाण्याची रबरी पिशवी होती. वर लोकरीचं, हाताने विणलेलं कव्हर. तिने मालकांना फोन केला. ते म्हणाले, असल्या पिशव्या आम्ही ठेवतच नाही, आणि रात्री घरात तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. ती उठून दाराशी गेली. कडी आतून लागलेलीच होती. परत येऊन तिने पिशवीचं बूच उघडलं."

काकांनी दोघांकडे पाहिलं.

"आतून वाफ आली."