ढकल

प्रफुल्लशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. हर्षला कधीची तोंड सोडून बोलत होती आणि नवरा समोर बसून शेंगा सोलत होता.

"अरे, बोल की काहीतरी!"

"काय बोलू? तुझं म्हणणं कळलं मला. आपल्या राहीला निवांतचाच मणी बसवू या."

"म्हणजे काहीच कळलं नाही तुला!"

"कळलं गं. चांगलं बोललीस. शेंगा घे."

निवांतवाले असेच. भांडत नाहीत आणि हलतही नाहीत. स्वयंवाली हर्षला मात्र मिक्सर बिघडला नसला तरी उघडून बघणारी. या दोघांचं लग्न ठरलं तेव्हा मिरजेतल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. जात, पत्रिका सगळं जुळलं, पण मण्याचं काय? प्रफुल्लच्या आत्याबाई तर मांडवातच म्हणाल्या होत्या, "ही बया आधी चूल खोलून बघणार, मग चहा टाकणार. आणि आमचा बाबा थंड चहा पिऊनसुद्धा वा वा करणार."

हा मणी म्हणजे कानामागे कातडीखाली बसवलेला ज्वारीच्या दाण्याएवढा कंप्यूटर. एके काळी कंप्यूटर टेबलावर असायचा, मग तो खिशात आला, मग मनगटावर, आणि शेवटी माणसाच्या आतच घुसला. यंत्र सगळ्यांचं सारखंच. फरक त्यात चालणाऱ्या प्रणालीचा, म्हणजे त्या यंत्राला वागायची रीत कोण शिकवतं याचा. बाजारात प्रणाल्या दोनच उरल्या होत्या. निवांत ही बंद पेटी. आत काय चाललंय विचारायचं नाही, सगळं आपोआप होतं, कधी अडत नाही. स्वयं उघडी. प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी लावून घेता येते, म्हणून लावत बसावी लागते. अधूनमधून अडते, आणि ती कशी अडली हे स्वयंवाले अभिमानानं चारचौघांत सांगतात.

मणी सातव्या वर्षी बसवायचा. कुंपणाच्या तारेला लागून झाड वाढलं की खोड ती तार गिळून टाकतं, तसा वाढता मेंदू मण्याला गिळतो. मग तो बंद करता येतो, पण काढता येत नाही की बदलता येत नाही. मण्याशिवाय दुसरीत प्रवेश नाही. कुठला बसवायचा ते आईबापांनी एकमतानं सांगायचं, नाहीतर शाळा ठरवणार. आणि शाळेच्या कपाटात निवांतचे खोके पडून होते, फुकट आलेले. मुदत उद्याची होती.

म्हणून हर्षला राहीला घेऊन फरीदाताईकडे निघाली. फरीदा मणेर लहानपणी तिच्या शेजारी राहायची. आता ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूवर संशोधन करत होती. हर्षलाला सल्ला नको होता, तिला साक्षीदार हवा होता.

"ताई, तू प्रफुल्लला एवढंच सांग, की स्वयं चांगली."

फरीदाताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू स्वयं का निवडलीस?"

"मी नाही निवडली, बाबांनी बसवली. पण मोठेपणी मी दोन्ही नीट तपासल्या. दुसऱ्यानं घडी घालून दिलेलं आयुष्य मला नको, हे तेव्हा पटलं."

"तेव्हा मणी चालू होता?"

"म्हणजे काय? चालूच असणार की."

"मग तपासलं कोणी?"

हर्षलाला राग आला. "ताई, कोड्यात बोलू नकोस."

"बरं, सरळ सांगते. तुझ्यापुढं दोन बिस्किटं ठेवली. तू एक उचलतेस. का? विचार करून नाही. विचार फक्त सांगतो की हे गोड आहे, ते खारं आहे. शेवटी आतून एक बारीकशी ढकल बसते आणि हात पुढं जातो. आम्ही तिला ढकलच म्हणतो. ज्यांच्या मेंदूचा तो भाग निकामी होतो ते दोन्ही बिस्किटांबद्दल तासभर बोलतात, पण उचलत नाहीत. आता मणी काय करतो? तुझे कष्ट वाचवतो. दिवसभरात शेकडो वेळा लागणारी ढकल तो स्वतःच देतो. मेंदू म्हणतो, आयती मिळतेय तर मी कशाला बनवू? वीसेक वर्षांत तो बनवायचीच सोडतो."

"असेल. पण माझा मणी माझ्या मनासारखी ढकल देतो."

"मन म्हणजे काय, ढकलींची बेरीज. आणि प्रत्येक प्रणाली एक गोष्ट शिकलीय. माणूस आपल्या मण्यावर खूश असला की कमी तळमळतो, आणि तळमळ कमी करणं हेच तिचं काम. कंपनीनं कट केला असता तर बरं झालं असतं, कोणाला तरी पकडता आलं असतं. हे आपोआप झालंय. निवांत माणसाला निवांतकडं ढकलते, स्वयं स्वयंकडं. आणि दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात, मी विचार करून ठरवलंय."

हर्षलानं तिच्या कानामागे पाहिलं. "ताई, तुझ्यात कुठला?"

"निवांत. म्हणून तर हे सांगताना मला शांत वाटतंय. वाटायला नको होतं."

"वरती कळवलंस?"

"कळवलं. तिथंही सगळे मणीवालेच. त्यांना अहवाल आवडला."

हर्षला उठून उभी राहिली. "माझा बंद कर. तासभर. मी कोऱ्या डोक्यानं ठरवणार."

"कोरं डोकं आता राहिलंय कुठं? बटण दाबल्यावर अडकलेल्या पंख्यासारखी बसशील."

"बसेन. दाब तू."

फरीदाताईनं तिच्या कानामागे एक छोटी पट्टी लावली. आवाज झाला नाही की चक्कर आली नाही. फक्त खोली सपाट झाली.

दोन खुर्च्या होत्या. हर्षला दोन्हींच्या मधे उभी राहिली. ही खिडकीजवळ, ती पंख्याखाली. दोन्ही बऱ्या. पाय दुखायला लागले तरी ती उभीच. फरीदाताई म्हणाली, "आता प्रणालीचा विचार कर." तिनं केला. निवांतचे फायदे आठवले, स्वयंचे आठवले, तोटेही सगळे आठवले. पण त्यातल्या एकानंही तिला ढकललं नाही. जणू कोणीतरी तिला चारी बाजूंनी भिंती नसलेल्या खोलीत कोंडलं होतं. दार शोधायचं तरी कुठं? ओरडावं की रडावं, हेही तिला ठरवता येईना.

"आई, इथं बस ना," राही म्हणाली आणि ओढणी धरून तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मग ती टेबलावरच्या कपांकडं वळली. फरीदाताईनं तिच्यासाठी दूध मागवलं होतं. चांगले कप सोडून राहीनं टवका उडालेला कप उचलला.

"तो नको बाळा, फुटका आहे," फरीदाताई म्हणाली.

"मला हाच पाहिजे. याच्यावर पोपट आहे."

"अर्धाच उरलाय पोपट."

"म्हणून तर! चांगल्यातून सगळेच पितात. याला कोण घेणार?"

हर्षला बघत राहिली. कोणी शिकवलं हिला हे? कोणीच नाही. ते आतून आलं होतं, धडधडीत, कुणाचं उसनं न घेता. आणि तेवढ्यात तिच्याही आत कुठंतरी, मुंग्या आलेल्या पायात हळूहळू जीव यावा तसं, काहीतरी हललं. इतकं बारीक की श्वास घेतला तर मोडेल. ते निवांतकडं ढकलत नव्हतं, स्वयंकडंही नव्हतं.

"ताई," ती अडखळत म्हणाली, "यातलं कुठलंच नको. हिच्या कानाला हात लावायचा नाही."

"शाळा?"

"गेली खड्ड्यात शाळा. आम्ही घरी शिकवू."

फरीदाताई घड्याळाकडं बघत म्हणाली, "तास संपत आलाय, हर्षू. आणि बंद ठेवला तर तुला घरी जायचा रस्तासुद्धा निवडता येणार नाही."

हर्षलाला तिची आई आठवली. दूध सांगायचं असलं, कोणाचा निरोप द्यायचा असला, की आई पदराला गाठ मारायची. हर्षलानं ओढणीचं टोक ओढलं आणि दातांनी आवळून गाठ मारली.

"राही, इकडं बघ. ही तुझी गाठ. मी विसरले तर मला दाखवायची. काहीही झालं तरी."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

पट्टी निघाली आणि खोलीला पुन्हा उतार आला. कुठं बसायचं, कधी निघायचं, रिक्षा कुठल्या बाजूला मिळेल, सगळं हर्षलाला पुन्हा कळायला लागलं. तिनं मोठा श्वास सोडला. काय भयंकर तास होता तो!

"आई, गाठ," राहीनं ओढणी पुढं केली.

"हो गं, आठवतंय की." खरंच आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पोपट, कप, कानाला हात लावायचा नाही. पण लहानपणी तापात काहीबाही बरळलेलं मोठेपणी आठवावं, तसं. "तेव्हा मी जरा गोंधळले होते, बाळा. शाळा कशी सोडायची? असं असतं का कुठं?"

"पण तू प्रॉमिस केलंस!"

"विसरले तर दाखव, म्हणाले होते. मी कुठं विसरलेय?" आणि तिनं नखानं गाठ सोडवली. "कापडाला चुण्या पडतात," ती म्हणाली.

फरीदाताईनं कप उचलून ठेवले.

घरी आल्यावर हर्षलानं प्रफुल्लला गाठलं. "ऐक. मी मणी बंद करून, कोऱ्या डोक्यानं विचार केलाय. एवढं कोण करतं? आणि आता माझी पक्की खात्री झालीय. स्वयं."

प्रफुल्ल कौतुकानं तिच्याकडं बघायला लागला. एवढी सरळ बोलणारी, एवढी पारखून घेणारी बायको. "बरं," तो म्हणाला. "तू इतकं केलंस तर तसंच." त्याच्या मनाला कुठं टोचलं असेल, तर त्याच्या मण्यानं ते लगेच पुसलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी शाळेत संमतीच्या काचेवर अंगठे टेकवले. राही आत जाताना रडली नाही. तिनं फक्त रात्रीच केव्हातरी फ्रॉकच्या पट्ट्याला मारलेली गाठ मुठीत घट्ट धरली होती. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, पोरीच्या बोटांना येईल तशी.

बाहेर आली तेव्हा कानामागे एक छोटीशी चिकटपट्टी होती. नर्सनं विचारलं, "काय पिणार?" आणि राही लगेच म्हणाली, "दूध. कोमट. साखर मी घालीन."

हर्षलानं तिला जवळ घेतलं. पट्ट्याचा तो गोळा हाताला लागला. "ही कशाची गाठ गं?"

"मला नको होतं ना, त्याची," राही म्हणाली. "सगळं आठवतंय. पण आता त्याचं काही वाटत नाही." ती खाली बसली, गाठीचं एक टोक शोधलं, कुठला पदर कशाखालून गेलाय ते मान वाकडी करून पाहिलं, आणि एक एक वेढा नीट उलगडून पट्टा सरळ केला. मग तळव्यानं दाबून चुण्याही काढल्या.

हर्षलाचे डोळे भरून आले. पोरगी अगदी तिच्यावर गेली होती.