शेवटचा माणूस आल्याशिवाय

या, शेगडीजवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. मनचं एक अक्षर नाही. देवाला स्मरून सांगतो, हे माझ्यासमोर घडलं.

१९७४ चा डिसेंबर. फिनलंडच्या उत्तर टोकाला, इनारी सरोवराच्या पलीकडचं रान.

रात्र नव्हती, दुपार होती. पण त्या महिन्यात तिकडे सूर्य उगवतच नाही.

आमची लष्करी तुकडी स्कीवरून रस्त्याकडे, एकामागे एक निघालेली. पुढे सार्जंट वेइयो कांकारे. सगळ्यांत शेवटी कॉर्पोरल ओस्मो लेह्तेला. त्याच्या पुढे मी.

आमचा एक रिवाज होता. थांबा आला की शेवटचा माणूस पुढच्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "सगळे आले." तो शब्द एकेका खांद्यावरून पुढे सरकत सार्जंटपर्यंत जायचा.

शब्द पोचल्याशिवाय सार्जंट पाऊल उचलत नसे. कॉफीचा घोटसुद्धा घेत नसे. "पुढे पळायला घोडासुद्धा चालतो," तो म्हणायचा, "मला मागचा माणूस दाखवा."

मला प्रार्थनाघरातली गाऊन केलेली प्रवचनं फार आवडत. त्यावरून ओस्मो छेडायचा.

"काय पाद्रीबुवा, आज प्रवचन गाऊन होणार, का नुसतं धापांवर?"

"धापा तुझ्याच ऐकू येताहेत, लेका."

खरंच येत होत्या. मी हसलो आणि पुढे निघालो.

मग वादळ आलं. पुढचा थांबा झाला. मी थापेची वाट पाहत उभा राहिलो.

थाप आली नाही.

वळून पाहिलं... मागे कोणीच नव्हतं.

"सार्जंट, ओस्मो नाही," मी ओरडलो.

कांकारेनं एकही प्रश्न विचारला नाही. अख्खी तुकडी मागे वळवली.

ओस्मो एका झाडाखाली बसला होता. स्की पायातच. एक हात छातीवर. ओठ निळे, पण श्वास चालू होता.

"थांबायला का नाही सांगितलंस रे?" सार्जंटनं विचारलं.

"तुम्ही सगळे गारठला असता," तो म्हणाला.

आम्ही त्याला सामान ओढायच्या घसरगाडीवर बांधलं, अंगावर होतं नव्हतं ते घातलं आणि ओढत निघालो. वाट पुन्हा तीच, रस्त्याकडची. तिथे आमचा ट्रक होता. तिथवर तो जगला तर जगणार होता.

आता शेवटचा माणूस मी.

प्रत्येक थांब्यावर ओस्मो डोळे न उघडता विचारायचा, "सगळे आले का?"

सार्जंट वाकून सांगायचा, "आले रे बाबा. तू पड."

मग एका थांब्यावर त्यानं विचारलं नाही.

मी शब्द द्यायला तोंड उघडलं...

आणि माझ्या पाठीवर थाप पडली.

"सगळे आले."

ओस्मोचा आवाज. माझ्या मागून. आणि ओस्मो तर माझ्या पुढे, घसरगाडीवर.

आवाज सगळ्यांनी ऐकला. कांकारे मागे आला. हातमोजा काढून त्यानं ओस्मोच्या मानेला बोटं लावली. बराच वेळ लावून ठेवली.

ओस्मो गेला होता.

तेवढ्यात मागच्या अंधारातून आवाज आला. सर्र... सर्र... बर्फावर स्की घासल्याचा. जवळ आला आणि थांबला.

तिथे कोणी दिसत नव्हतं.

"ओस्मो," सार्जंट अंधाराकडे पाहून म्हणाला, "ऐकला तुझा शब्द. ये, आम्ही उभे आहोत."

आम्ही उभे राहिलो.

पुन्हा सर्र... सर्र... पण जवळ काही येईना. जणू कोणी चालतंय आणि वाट सरत नाही.

"पाद्रीबुवा, प्रार्थना म्हण," सार्जंट मला म्हणाला.

मी आयुष्यभर प्रार्थनेची गाणी पाठ केलेला माणूस. एक ओळ आठवली नाही.

पुढे एकजण खाली बसला. दुसऱ्याचे दात वाजत होते. मी म्हणालो, "सार्जंट, पोरांचे पाय जातील."

"माझा माणूस मागे आहे, आउलिस."

"तो गाडीवर आहे, सार्जंट."

"मग हे कोण आहे?"

मी गाडीवरच्या ओस्मोकडे पाहिलं, मग अंधाराकडे.

शेवटी सार्जंट वळला.

"चला."

आम्ही निघालो. मागून घाईघाईनं सर्र सर्र सर्र... बराच वेळ. मग लांब पडत गेलं. मग नाही.

बाकी सगळे वाचलो. ओस्मोला त्याच्या आईनं गावच्या चर्चमागे पुरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दफनाला कांकारे कबरीकडे पाठ करून उभा होता, फाटकाबाहेरच्या वाटेकडे बघत. कोणी त्याला वळ म्हटलं नाही.

मी पुरलेल्या माणसासाठी प्रार्थना करतो, पण मन मानत नाही. गाडीवर आम्ही काय आणलं आणि रानात कोणाला सोडलं, मला माहीत नाही.

तुम्ही देवापुढे बसाल तेव्हा एवढं करा. ओस्मो लेह्तेलाचं नाव घ्या. तो अजून वाटेत असेल.