शून्य नंबरचं इंजिन

भोरला रेल्वे काही आली नाही. जलीलभाईंनी ती आपल्या माडीवर आणली होती. एसटीतली वायरमनची नोकरी संपल्यावर त्यांनी मोठ्या टेबलावर खेळण्यातले रूळ टाकले, बोगदा केला, ‘भोर’ अशी पाटी रंगवून स्टेशन उभं केलं. जुन्या ट्रान्सफॉर्मरची खुंटी फिरवली की रुळांत करंट जाई आणि गाडी धावे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. टेबलावर चादर पडली.

एका रविवारी दुपारी त्यांची मुलगी अम्रीन पुण्याहून नवा डिजिटल कंट्रोलर घेऊन आली. “आपण दोघं मिळून बसवू,” असं अब्बा म्हणायचे. ते राहूनच गेलं होतं. नव्या पद्धतीत रुळांत करंट कायम खेळता असतो. प्रत्येक इंजिनात चिप असते आणि ते फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतं. अब्बांच्या काळ्या इंजिनात चिप नव्हती. असल्या जुन्या इंजिनांसाठी शून्य नंबर राखून ठेवलेला असतो.

तिनं ते रुळावर ठेवलं, शून्य लावून बटण दाबलं. इंजिन हललं नाही. नुसतं गुणगुणायला लागलं... बारीक, संथ.

चहा घेऊन आलेल्या गुलजारबी दारातच थबकल्या.

“अगं... काम करताना ते असंच गुणगुणायचे.”

“अम्मी, जुनी मोटर या करंटवर जागच्या जागी थरथरते. त्याचा आवाज आहे. जास्त वेळ ठेवली तर जळेल.”

“पाच मिन्टं ऱ्हाऊ दे. लई दिवसांनी माडीवर आवाज आलाय.”

चहा ठेवून गुलजारबी अम्रीनच्या पाठीमागच्या, अब्बांच्या बाकावर बसल्या. अम्रीनला नाही म्हणवेना. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकलं, तापल्या तेलाचा वास पसरला. आवाज मध्येच थांबे, दम घेतल्यासारखा, आणि पुढची ओळ उचलावी तसा पुन्हा सुरू होई. तिनं इंजिनाला बोट लावलं. चटका बसला.

“पुरे आता,” म्हणत तिनं प्लग काढला. माडी एकदम गप्प झाली.

“जळलं तर न्हाई ना गं?”

बघायला म्हणून तिनं स्क्रू सोडवून वरचं झाकण उचललं.

आत मोटर नव्हती.

“त्यांनीच काढली हुती, दुखण्यात पडायच्या आदी,” गुलजारबी हळूच म्हणाल्या. “कपाटात हाय.”

“तुला माहीत होतं? मग... बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू लगीच बंद केलं असतंस.”

अम्रीननं एकेक स्क्रू परत बसवला, इंजिन स्टेशनासमोर ठेवलं, प्लग लावला. बटण दाबायचं अजून बाकी होतं, तोच गुणगुणणं सुरू झालं.

या वेळी ते टेबलावरून येत नव्हतं. तिच्या पाठीमागून, बाकाच्या बाजूनं येत होतं.

बाकावर बसलेल्या गुलजारबी जागा करून देत जरा सरकून बसल्या.