मिटलेले ओठ

मूकपटात नट काय बोलतात ते प्रेक्षकांना ऐकू येत नाही. त्यामुळे पडद्यावर प्रेमाने विरघळणारी नटी प्रत्यक्षात 'शी, कांदा खाऊन आलाय मेला' असंही म्हणत असते. स्टुडिओत रिळं कापणाऱ्या मावशीला ओठ वाचायची सवयच लागली होती. काम करता करता ती एकटीच खुदुखुदु हसायची.

मग मोठ्या नटीचं आणि मालकांचं प्रकरण पेपरांत गाजलं. एका दुपारी ती मालकांच्या गाडीतून फिरायला गेली, ती गेलीच. मालक म्हणाले, बदनामीला भिऊन परदेशी पळाली. पोलिसांनी मान डोलावली. तिची सगळी दृश्यं कापून टाकायची आणि तिच्या जागी मावशीच्या भाचीला घ्यायचं ठरलं. भाचीला आभाळ ठेंगणं झालं.

तिचं पहिलं रीळ मावशीने भिंगाखालून सरकवलं. भाची खिडकीशी उभी होती. ओठ हलत होते: 'थंड आहे गं इथे.'

काय पुटपुटत होतीस, असं मावशीने विचारलं.

"मी? तोंड शिवून उभी राहा, असा दम दिला होता दिग्दर्शकाने. आणि दिव्यांनी नुसती भाजून निघाले. चष्मा बदल, मावशे."

दिग्दर्शकानेही तेच सांगितलं. मावशीने भिंग पुसलं.

दुसऱ्या रिळात भाची आरशासमोर केस विंचरत होती. 'नाकात पाणी जातंय.'

तिसऱ्यात तिने थेट समोर पाहिलं. 'कात्रीबाई, हिला त्याच्या गाडीत बसू देऊ नको.'

कात्रीबाई ही हाक फक्त मोठी नटी मारायची.

मावशी तशीच खाली धावली. अंगणात मालक गाडीचं दार धरून उभे होते. भाचीने एक पाय आत टाकला होता. मावशीने तिचं मनगट पकडलं.

"घरी चल."

"अगं, नुसतं फिरायला. सगळे बघतायत."

"बघू देत."

भाची रडवेली झाली, पण खाली उतरली. मालक हसले, उद्या जाऊ म्हणाले आणि पलीकडून जाऊन चालकाच्या जागी बसले. अलीकडचं दार उघडंच होतं.

गाडी त्या बाजूला हळूच दबली.

दार आतून ओढलं गेलं.

मालकांनी वळून पाहिलं. काचेआड त्यांचे ओठ हलले. मावशीने वाचलं: 'उतर.' मग पुन्हा: 'उतर, हात जोडतो तुला.'

गाडी फाटकातून सावकाश बाहेर पडली, तेव्हाही त्यांचे दोन्ही हात जोडलेलेच होते.