बॉयलरची रजई

हे माझ्याच घरात घडलंय. तिखटमीठ न लावता सांगते. बाळ झोपलंय, ते उठेपर्यंतच वेळ आहे.

बाथरूमच्या कोपऱ्यात जुना बॉयलर आहे. पाण्याची ऊब टिकावी म्हणून ह्यांच्या पहिल्या बायकोने त्याच्या टाकीला रजई शिवून बांधली होती. मूल न होताच ती गेली. रजई राहिली.

बाळाला न्हाऊ घालताना पाणी कोमट निघालं की सासूबाई म्हणायच्या, "तिच्या वेळी सकाळचं पाणी संध्याकाळीही चटका द्यायचं. टाकीला रोज थोपटायची गं, लेकराला थोपटावं तशी."

माझा जळफळाट व्हायचा.

जिवंत सवत परवडली. तिच्याशी भांडता तरी येतं.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टाकीतला क्षार खरवडला, कॉइल बदलली, बाहेरून फोमचं जाड आवरण चढवलं. त्याआधी रजईच्या बंदांच्या गाठी काही सुटेनात. मीच कात्रीने कापल्या. जुनी कॉइल रजईत गुंडाळून मिस्त्री घेऊन गेले.

संध्याकाळी पाणी कढत. मला आकाश ठेंगणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी आणि बाळच. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि...

थप... थप... थप...

बाथरूममधून.

जाऊन पाहिलं. कोणी नाही. टाकीला हात लावला. बाहेरून गार. असणारच, आता ऊब आत राहते, अशी स्वतःची समजूत घातली.

आवाज थांबला होता.

मग पुन्हा सुरू झाला...

या वेळी पाळण्यातून.

धावले. बाळ गाढ झोपलेलं. भोवती तीच रजई, टाकीला बांधायची तशी घट्ट बांधलेली. बंद अख्खे. कात्रीची खूणही नाही.

आणि रजई गरम होती... नुकतीच टाकीवरून काढल्यासारखी.

मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, "ताई, ती तर कालच भंगारात दिली."

संध्याकाळी सासूबाईंनी रजईवरून नुसता हात फिरवला. "राहू दे गं. एवढं तरी मिळू दे तिला."

राहू दे? माझं बाळ आहे ते.

मी गाठी पुन्हा कापल्या. बाळ रडून रडून निळं पडलं. रजई अंगावर घातली, तेव्हा कुठे शांत झालं.

सकाळी गाठी जागच्या जागी होत्या.

आता लिहितेय, तर आतून बाळाचा आवाज येतोय. जागं झालंय. खिदळतंय...

माझ्याकडे बघून ते असं कधीच हसलेलं नाही.