अंगठ्याचं कुंकू

सत्त्याऐंशी सालची अविधवा नवमी. आई अहेव गेलेली, बाबा हयात. म्हणून त्या दिवशी आईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तिला साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. सकाळीच प्रेमा, माझी धाकटी बहीण, म्हणाली, "दादा, चल. आरे कॉलनीत बोलावणं करून येऊ."

माझं डोकंच सटकलं. आरेत वनमाला राहायची. बाबा दूधगाडीवर होते तेव्हापासूनचं ते प्रकरण. आई गेल्यावर त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

"लग्नाची तरी आहे का ती? सवाष्ण कसली?"

"इतकी वर्षं बाबांच्या नावाने राहिली ना? बाबा जिवंत आहेत ना? मग झालं तर. का बाबा गेल्यावर बोलणार आहेस त्यांच्याशी?"

हिचं मन एवढं मोठं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी चपला घातल्या.

गोरेगावहून बस आरेच्या झाडीत शिरली आणि भर सकाळी अंधारून आलं. आम्ही उतरलो. गोठ्यांचा ओला, उग्र वास. बस गेल्यावर इतकं शांत झालं, की म्हशींचं रवंथ ऐकू येत होतं.

प्रेमाने पिशवी चाचपली. "दादा... आईचा करंडा घरीच राहिला."

कुंकू लावल्याशिवाय सवाष्णीला बोलावत नाहीत. आईच्या अनामिकेचं टोक विळीवर गेलेलं, म्हणून ती अंगठ्यानेच कुंकू लावायची, उभं, लांबट. मला मनातून बरंच वाटलं. पण प्रेमा चालत राहिली.

वनमालाचं दार उघडंच होतं. ती न्हाऊन, ओल्या केसांनी पाटावर बसलेली. आम्हाला बघून उठली. "निघायचं?"

तिच्या कपाळावर कुंकू होतं. उभं, लांबट, अजून ओलं.

"कोणी... लावलं?" प्रेमाने हळूच विचारलं.

"तुमच्या आई येऊन गेल्या ना... मी दार लावून घेत होते, तर हात धरला माझा. म्हणाल्या, 'जेवूक ये गो. नि पोरांका सांग, फुडल्या वर्साक दोन पाना मांडा.'" तिचा आवाज कापत होता, पण चेहरा निवलेला होता. "म्हणजे काय हो?"

वनमाला साताऱ्याकडची. आईची मालवणी तिला येत नव्हती.

प्रेमाने तिचा हात धरला, तो घरी पानावर बसवेपर्यंत सोडला नाही. आईची हिरवी साडी तिच्या ओटीत घातली. बाबा दारातच घुटमळत होते. माझा राग कुठे गेला कोण जाणे. "बाबा, आत या. जेवायला बसा," मी म्हणालो. ते रडले, मीही रडलो.

संध्याकाळी प्रेमाने फळीवरचा करंडा काढला. आत कुंकवात अंगठ्याचा खोल ठसा होता.

पुढच्या श्रावणात वनमाला गेली, साध्या तापाने. बाबा तिच्या उशाशी होते. नवमीला आम्ही दोन पानं मांडली, दोन सवाष्णी बोलावल्या. शेजारच्या कुंदाला कुंकू लावायला प्रेमाने करंडा उघडला आणि तिचा हात तसाच राहिला.

कुंकवात या वेळी ठसे दोन होते, शेजारीशेजारी.